मधल्या सुट्टीची इडली

पहाटे 5. पीठ मस्त फुगलंय. सांबारात लाल भोपळा किसूनच घालते, फोडी दिसल्या की मुलं त्या ताटलीच्या कडेला काढून ठेवतात.

7:15. पातेली रिक्षातून शाळेत. फाटकावर पाटी आहे: जास्त तेल, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत, फुकट वाटायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा हा 2020 चा नियम, जुलै 2021 पासून लागू झालेला. ‘फुकट’ हा शब्द त्यात आहे, याचं मला फार मोल वाटतं. चटक तिथूनच लागते.

9:45. मधली सुट्टी. पाचवीतली नवी मुलं विचारतातच, “मावशी, वेफर्स नाहीत?” नाहीत. मे 2017 मध्ये राज्य सरकारचा आदेश आला. वेफर्स, नूडल्स, पिझ्झा, केक, थंड पेयं, गुलाबजामसुद्धा कॅन्टीनमधून गेले. त्यांच्या जागी पोळी-भाजी, पुलाव, इडली, खीर, ताक सुचवलं गेलं. यादी योग्यच आहे. दुसरी-तिसरीतली पोरं जिना चढताना धापा टाकतात, ते मी रोज बघते. पण पाकीट विकायला ना गॅस लागतो ना मदतनीस बाई, आणि उरलं तर उद्या विकता येतं. उरलेलं सांबार उद्या चालत नाही. हा खर्च आदेशात कुणी धरला नाही, तो सगळा माझ्या गल्ल्यातून जातो. इडलीचा भाव वाढवला तर मुलं बाहेर जाणार, आणि 50 मीटर म्हणजे त्यांच्या पायांना एक मिनिटसुद्धा नाही.

12:30. दुपारच्या वर्गांसाठी पुलाव. पटकन संपतो.

2:30. भांडी, हिशेब.

4. शाळा समितीची बैठक. कॅन्टीनचं भाडं निम्मं करा, मी इडलीचा भाव वर्षभर वाढवणार नाही, असं लेखी दिलं. एक सदस्य म्हणाले, “नियम सरकारचा, शाळेनं का सोसायचं?” मी म्हटलं, “मुलं शाळेची आहेत, साहेब.” मुख्याध्यापिका बाईंनी अर्ज ठेवून घेतला. आता पुढच्या बैठकीत मतदान आहे. त्याआधी पालक प्रतिनिधींना एकेक करून भेटायचं ठरवलंय.