संमिश्र पदार्थांचे आयुर्मान : भाकीत आणि पुरावा

दोन वा अधिक भिन्नधर्मी घटक परस्परांत विलीन न होता एकत्र बांधले गेले, म्हणजे जो पदार्थ सिद्ध होतो त्यास संमिश्र पदार्थ म्हणतात. नाशिकच्या इंदिरानगरपासून फारसे दूर नसलेल्या ओझर येथे बांधण्यात येणाऱ्या तेजस विमानाच्या पंखांत कार्बनतंतू व राळ यांच्या अशाच संमिश्राचा उपयोग केलेला आहे. हा पदार्थ अनेक दशके टिकावा, अशी अपेक्षा असते. परंतु तितकी वर्षे थांबून मग त्यास मान्यता देणे शक्य नसते. यास्तव भाकीत करावे लागते.

प्रचलित रीत अशी : नमुने चढत्या तापमानांत व दमट हवेत ठेवून त्यांची ताकद ठराविक अंतराने मोजतात. आऱ्हेनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडलेल्या समीकरणानुसार तापमानाबरोबर रासायनिक क्रियेचा वेग झपाट्याने वाढतो. त्या आधारे काही महिन्यांतील ऱ्हासावरून नेहमीच्या तापमानातील आयुष्य काढता येते. मात्र ह्या गणिताच्या मुळाशी एक गृहीत आहे. ते असे की, दोन्ही परिस्थितींत ऱ्हासाचे कारण एकच असते. ओलावा शोषला की राळ कमी तापमानास मऊ होते. चाचणी त्या मर्यादेपलीकडे गेल्यास प्रत्यक्षात कधी न घडणारा बिघाड मोजला जातो. उलट, प्रत्यक्षातील एखादे कारण चाचणीत नसेल, तर ते आकड्यांत उतरतच नाही.

ह्या दुसऱ्या उणिवेचे मर्म महाराष्ट्रातील एका जुन्या उदाहरणावरून ध्यानी येते. अजिंठा व वेरूळ येथील चित्रांखालचा मातीचा गिलावा हाही वनस्पतिद्रव्य मिसळलेला संमिश्र पदार्थच होय. राजदेव सिंह व एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळल्याचे नमूद आहे. अजिंठ्यास ते आढळत नाहीत, आणि तेथील निदान २५ टक्के चित्रांची कीटकांनी हानी केली आहे. वेरूळचा गिलावा कीटकांपासून वाचला तो ह्या तंतूंमुळे, असे त्यांचे मत आहे. केवळ उष्णता व आर्द्रता यांच्या चाचणीत हा भेद दिसला नसता.

तात्पर्य, 'टिकाऊ' हे विशेषण सदैव सापेक्ष असते. अमुक वर्षांचे भाकीत करताना ते कोणत्या कारणांपुरते खरे, हेही सांगितले पाहिजे. विमानांच्या संमिश्र भागांची सेवाकाळातही श्राव्यातीत ध्वनीने वेळोवेळी तपासणी करतात, ती ह्याच कारणास्तव.