चूक पानाची, दोष आपल्याला कशाला?

संगणक शिकणारी एखादी मुलगी माहितीच्या पानावरची आज्ञा जशीच्या तशी उतरवून घेते आणि संगणक मात्र 'चूक' म्हणून सांगतो. ती पुन्हा करून पाहते, पुन्हा तेच. मग तिच्या मनात येते, 'हे आपल्या डोक्याचे काम नाही.' वाचकहो, येथे जरा थांबून विचारले पाहिजे, चुकले कोण? ती मुलगी, की ते पान?

पुष्कळदा पानच चुकलेले असते. पायथॉन या संगणकीय भाषेची तिसरी आवृत्ती २००८ साली आली. आधीच्या आवृत्तीत 'प्रिंट' या शब्दापुढे कंस लागत नसे, तिसरीत तो लागतोच. जुनी ओळ एखाद्या पानावर तशीच राहून गेली, की ती नव्या आवृत्तीत अडते. कधी आज्ञेतल्या दोन छोट्या आडव्या रेघा पान सजवताना जुळून एकच लांब रेघ होते. आपल्या डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला दिसतो. खतावणीत एक आकडा चुकला की ताळेबंद जुळत नाही, तसेच हे.

पायथॉन, लिनक्स, लिबर ऑफिस ही मुक्त सॉफ्टवेअरची उदाहरणे. त्यांचा मूळ मजकूर कोणालाही वाचता व बदलता येतो, आणि बहुतेकांच्या माहितीची पानेही तशीच खुली असतात. म्हणजे चूक सापडली तर कुरकुरत बसण्याचे कारण नाही, ती आपणच दुरुस्त करू शकतो.

रीत सोपी आहे. प्रथम पान चालू आवृत्तीचेच आहे ना, हे पाहावे. तीच चूक आधी कोणी कळवली आहे काय, हेही तपासावे. मग मजकुराची आपली प्रत काढून तेवढीच चूक सुधारावी आणि काय बदलले, का बदलले, हे दोन ओळींत लिहून ती स्वीकारण्याची विनंती पाठवावी. काही प्रकल्प एका करारनाम्यावर सहीही मागतात. जाणकार मंडळी तपासतात, शंका विचारतात, पटले तर बदल घेतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेल्या 'गिट' या व्यवस्थेत कोणता बदल कोणी केला याची नोंद राहते. एका अक्षराची दुरुस्ती असली तरी तिच्यापुढे करणाऱ्याचे नाव राहते.

परंतु नावासाठी काम करू नये. २०२० सालच्या 'हॅक्टोबरफेस्ट' उपक्रमात अशा चार विनंत्यांवर टी-शर्ट मिळत असे. कित्येकांनी शर्टासाठी पानांत निरर्थक शब्द घुसडले. प्रकल्प सांभाळणारे स्वयंसेवक हैराण झाले आणि आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला. ज्या दुरुस्तीने पुढच्या वाचकाची अडचण दूर होत नाही, ती दुरुस्ती नव्हे.

चूक दाखवणाऱ्याचा मान ठेवणारे थोर लोकही आहेत. 'टेक्' ही अक्षरजुळणीची प्रणाली रचणारे डोनाल्ड नुथ हे आपल्या पुस्तकातली चूक प्रथम दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवीत. अनेकांनी तो न वटवता जपून ठेवला.

आमच्या मुलांना इंग्रजी अवघड जाते, म्हणून ती एकेक शब्द धरून वाचतात. यात कमीपणा नाही. जाणकार ज्या ओळीवरून सहज पुढे जातो, त्याच ओळीवर नवखा अडखळतो. म्हणून चूक त्यालाच आधी सापडते. लिबर ऑफिस तर मराठीतही मिळते. त्यातला मराठी शब्द चुकला असेल, तर तो मराठी माणसानेच सांगायचा ना?

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच. मुलगा वा मुलगी अडली, तर 'तुला जमत नाही' म्हणण्याआधी 'पान तपासले का?' असे विचारा. आणि चूक पानाचीच निघाली, तर ती दुरुस्त करूनच पुढे जायला सांगा. आपल्यामागून येणारे कोणी तरी तेथे अडणार नाही.