साओ रोकेचं मातीचं घर

जुन्या मातीच्या भिंती दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ब्राझीलमधल्या साओ रोकेजवळच्या सांतू आंतोनियो या शेतमळ्याविषयी मला फार आस्था आहे. साओ पाउलो राज्यातला हा पोर्तुगीज वसाहतकाळातला मळा. मालक कॅप्टन फेर्नांव पाएस दे बारुस. सतराव्या शतकात त्याने इथे घर बांधलं आणि १६८१ साली शेजारी संत आंतोनियोचं चॅपेल.

घराची भिंत कशी उभी राहिली ते बघा. लाकडी फळ्यांचा साचा लावायचा, त्यात ओलसर माती वीतभर ओतायची, धुम्मसाने ठोकून ठोकून घट्ट करायची. मग वरचा थर. भिंत हातभर जाड होते आणि दगडासारखी टिकते. तिला भीती फक्त पावसाची. म्हणून छपराच्या वळचणी लांब बाहेर काढलेल्या. चॅपेल त्यामानाने नाजूक: पुढची बाजू लाकडी जाळीची, आत कोरीव, रंगवलेली वेदी.

पुढे सगळ्याची पडझड झाली. १९३७ साली ‘माकुनाइमा’ या कादंबरीचा लेखक मारियो दे आंद्राद वारसा खात्यासाठी पाहणी करत इथे पोचला आणि या जागेच्या प्रेमातच पडला. १९४४ मध्ये त्याने मळा विकत घेतला, आपल्यामागे तो देशाला मिळावा अशी तजवीज केली आणि १९४५ च्या फेब्रुवारीत तो गेला. वास्तुतज्ज्ञ लुईस साइया यांनी घर आणि चॅपेल नीट उभं केलं. मारियोचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

पण अशा मळ्यांवर माती ठोकणारे हात कोणाचे होते, हे मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. साओ पाउलोचे जमीनदार टोळ्या घेऊन रानात शिरत, जेझुइट मिशनऱ्यांच्या वस्त्यांवरही धाड घालत आणि ग्वारानी वगैरे आदिवासींना धरून आणत. त्यांच्याकडून साओ पाउलोच्या पठारावर गहू पिकवून घेत. पिठाचं ओझंही त्यांच्याच पाठीवर लादून घाटाखाली सांतोस बंदरात उतरवलं जाई. इतिहासकार जॉन मोंतेइरो यांनी जुनी मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या वाचून हे सगळं उजेडात आणलं. आदिवासींना गुलाम करायला कायद्याची बंदी होती. म्हणून मालक मृत्युपत्रात या माणसांना स्वतंत्र म्हणत, आणि त्याच कागदात त्यांची आपल्या मुलांमध्ये वाटणी करत.