यॉर्कच्या ड्यूकचा वारसाहक्क

इंग्लंडमधील ‘गुलाबांची युद्धे’ आपण शाळेत सनावळीसह पाठ केलेली असतात. पण त्यांच्या मुळाशी असलेला वारसाचा तंटा काय होता, हे सहसा कुणी उलगडून सांगत नाही. तो समजायला यॉर्कचा ड्यूक रिचर्ड (१४११–१४६०) याची वंशावळ पाहावी लागते. जरा सावकाश वाचा.

तिसऱ्या एडवर्ड राजाच्या थोरल्या मुलाचा मुलगा दुसरा रिचर्ड. तो निपुत्रिक. १३९९ मध्ये त्याला पदच्युत करून गादी घेतली ती तिसरा मुलगा जॉन याच्या, म्हणजे लँकेस्टरच्या, शाखेने. आपला ड्यूक बापाकडून चौथ्या मुलाचा, एडमंडचा नातू. त्या नात्याने त्याचा नंबर मागेच! पण त्याची आई दुसरा मुलगा लायोनेल याच्या वंशातली. लायोनेलच्या एकुलत्या एक मुलीची ती नात. मुलीकडून हक्क उतरतो असे मानले, तर गादी ड्यूकची. नाही मानले, तर सहाव्या हेन्रीची. सगळे भांडण या एका ‘तर’पाशी येऊन थांबते.

१४१५ मध्ये बापाचा राजद्रोहाबद्दल शिरच्छेद झाला, त्याच वर्षी चुलता अजिंकूरच्या लढाईत पडला, १४२५ मध्ये मामाही निपुत्रिक वारला. पोराच्या पदरात अफाट जहागिरी आल्या. पुढे तो फ्रान्समध्ये राजाचा प्रतिनिधी झाला, राजाला वेड लागले तेव्हा राज्याचा संरक्षकही झाला. पण गादीविषयी चकार शब्द नाही.

आणि १० ऑक्टोबर १४६० रोजी त्याने वेस्टमिन्स्टरला सरदारांसमक्ष सिंहासनावर हात ठेवला. जयजयकार होईल अशी अपेक्षा असावी. सभा गप्प राहिली. न्यायाधीशांनी तर हात झटकले; हे प्रकरण म्हणे कायद्याच्याही वरचे. सरदारांनी मात्र नेमके विचारले : तुम्ही लायोनेलचे वारस, तर आजवर ढालीवर चिन्ह एडमंडचे का वागवलेत? मला हा प्रश्न फार मार्मिक वाटतो. ड्यूकचे उत्तर असे, की हक्क काही काळ मुका राहिला म्हणून तो कुजत नाही.

अखेर तडजोड झाली : हेन्रीने हयातभर राज्य करावे, मागून ड्यूकने. आता गंमत पाहा, हेन्री ड्यूकपेक्षा दहा वर्षांनी लहान! शिवाय सात वर्षांच्या राजपुत्राचा हक्क बुडाला. त्याची आई, राणी मार्गारेट, ते कसे सोसणार? ३० डिसेंबरला वेकफील्डच्या लढाईत ड्यूक मारला गेला. त्याचे शिर कागदी मुकुट घालून यॉर्कच्या वेशीवर टांगले. तीन महिन्यांच्या आत, मार्च १४६१ मध्ये, त्याचा मुलगा चौथा एडवर्ड म्हणून राजा झाला.