शाळेसाठी कॅमेरा घेताना

संकलनाच्या वर्गासाठी कॅमेरा निवडण्याआधी संगणक कक्षात डोकावून या. १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने केलेलं फोर-के चित्रण मिनिटाला पाऊण जीबी जागा खातं. जुन्या संगणकावर ते अडखळतं आणि तासिका तिथेच संपते. शाळेला १०८०पी पुरेसं आहे. चित्रण एच.२६५ ऐवजी एच.२६४ स्वरूपात साठवण्याची सोय असेल तर उत्तम; जुन्या यंत्राला ते झेपतं.

आवाजात मात्र तडजोड नको. मुलं मुलाखती घेतात, स्नेहसंमेलन टिपतात. पंख्याच्या घरघरीत बुडालेलं बोलणं संकलनात धड परत मिळत नाही. म्हणून बाहेरचा माइक जोडायची ३.५ मिमीची खाच हवीच. हेडफोनचीही असली तर चूक चित्रण चालू असतानाच कानावर येते, आणि मुलं ऐकायला शिकतात.

आपली वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं, की ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही.

मोबाइल चालेल का? जरूर. पण अनेक फोन फ्रेमचा वेग मध्येच बदलतात आणि संकलनात ओठ-आवाजाची फारकत होते. वेग स्थिर ठेवणारं ॲप वापरा. आणि कॅमेरा असो वा मोबाइल, ट्रायपॉडचे पैसे आधीच बाजूला काढा.