पेशींची पकड आणि एका वळूचा वारसा

जखम झाली, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात. पण जंतू असतात रक्तवाहिनीच्या बाहेर. तिथे पोचायचे, तर वाहत्या रक्तातल्या पेशीला आधी वाहिनीची भिंत घट्ट धरून थांबावे लागते. ही पकड ज्या ग्राही प्रथिनांमुळे साधते, त्यांचा एक आवश्यक भाग म्हणजे सीडी१८. ते कसे घडवायचे, याची माहिती आयटीजीबी२ या जनुकात असते. माणसात हे जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे.

आई आणि वडील दोघांकडूनही या जनुकाची सदोष प्रत आली, तर बाळाला दुर्मीळ पण गंभीर आजार होतो. तीन-चार आठवडे उलटले तरी नाळ गळत नाही. जखम चिघळते, पण पू धरत नाही. रक्त तपासावे, तर पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त! गाडी स्टेशनात उभी, डबा खचाखच भरलेला आणि दार उघडतच नाही, अशी ही अवस्था. तीव्र आजारात मूळपेशींचे प्रत्यारोपण करावे लागते.

हेच जनुक गाईंमध्येही आहे.

होल्स्टीन जातीची वासरे वारंवारच्या संसर्गाने का दगावतात, याचे उत्तर अमेरिकी संशोधकांनी १९९२ मध्ये दिले. डीएनएमधले एकच अक्षर बदलले होते. त्यामुळे सीडी१८ मध्ये १२८व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लायसीन आले होते. माग काढत गेल्यावर हा दोष १९५२ साली जन्मलेल्या ऑस्बोर्नडेल आयव्हनहो या नामांकित वळूपर्यंत पोचला. त्याच्या वंशातल्या गाई भरपूर दूध देत, म्हणून त्या वंशातल्या वळूंचे गोठवलेले वीर्य देशोदेशी गेले आणि दोषही सोबत गेला. अमेरिकेत तपासलेल्या होल्स्टीन वळूंपैकी १४.१ टक्के, तर गाईंपैकी ५.८ टक्के वाहक, म्हणजे एकच सदोष प्रत असलेल्या, निघाल्या.

वाहक जनावर धडधाकट दिसते. दोष कळतो तो डीएनए चाचणीतच. ही चाचणी हाती आल्यावर वाहक वळू पैदाशीतून बाजूला काढले गेले आणि आजार झपाट्याने मागे हटला. भारतातही वीर्यकेंद्रांवरील होल्स्टीन आणि त्यांच्या संकरित वळूंसाठी ही तपासणी केंद्रीय मानकांत समाविष्ट आहे.

महाराष्ट्रातल्या असंख्य गोठ्यांत आज होल्स्टीन (एचएफ) संकरित गाई आहेत. कृत्रिम रेतन करून घेताना दुधाच्या आकड्याइतकीच वळूच्या जनुकीय तपासणीचीही चौकशी पशुपालकांनी आग्रहाने करावी.