नाताळचं जेवण उन्हाळ्यापासून

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी १८५२ साली आले, पण इथल्या ख्रिस्ती घरांत नाताळचा फराळ दिवाळीसारखाच: करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या. अडचण पैशाची. डिसेंबरचा पगार सण उरकल्यावर हातात पडतो आणि उसनं फेडण्यात जानेवारी जातो.

म्हणून आम्ही म्हणतो, सुरुवात उन्हाळ्यात करा. वर्षाची चटणी, म्हणजे आपला कांदा-लसूण मसाला, एप्रिल-मेमध्ये कांडून आणतोच ना? तेव्हाच नाताळच्या पाहुण्यांपुरती जास्त करायची. शंकरपाळ्या, चकल्या पंधरवडाभर आधी करून डब्यात भराव्यात. करंजीत सुकं खोबरं घाला; ओल्या नारळाची टिकत नाही.

खरी बचत मटणात आहे. पाहुणे वाढले की आपण किलो वाढवतो, तिथंच चुकतं. त्याऐवजी आळणी पाणी जास्त ठेवायचं. निम्म्यात नारळाचं दूध आणि खसखस-काजूचं वाटण घातलं की पांढरा रस्सा. उरलेल्यात चटणी आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, की तांबडा. वाट्या दोन, मटण तेवढंच. भाकरी-भाताबरोबर माणूस रश्श्यावरच जेवतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. काजू परवडत नसतील तर पांढरे तीळ घाला, कुणी विचारणार नाही.